घरात अबोला आहे आणि आपण ख्रिस्ती आहोत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीच्या गृहभेटींच्या निमित्ताने गेली बारा-तेरा वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन बसतो. मी पाळक नाही, समुपदेशनाची पदवीही माझ्याकडे नाही. निवृत्त शिक्षक आहे. माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा नऊ वर्षं अबोला होता, एवढीच काय ती माझी पात्रता. चहा होतो, वचन वाचून होतं, प्रार्थना होते आणि निघताना चपला घालता घालता कुणीतरी हळूच म्हणतं, "सर, एक विचारायचं होतं." खालचे बहुतेक प्रश्न असे चपलांपाशी विचारलेले आहेत. विचारणारे कधी नगरकडचे प्रोटेस्टंट असतात, कधी वसईचे कॅथलिक, कधी घरात एकटेच ख्रिस्ती झालेले. त्यामुळे कुठे 'पाळक' येईल, कुठे 'फादर'. दोन्ही आपलेच.

क्षमा केली की समेट झालाच ना? मग पुन्हा वेगळं काय करायचं?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. क्षमा तुम्ही एकट्याने, देवापुढे, समोरच्याला न कळवताही करू शकता. समेटाला दोन माणसं लागतात. तुम्ही कितीही गुडघे टेकलेत तरी दुसऱ्याच्या वाटणीचा समेट तुम्हाला करता येत नाही.

पौलाने रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात सर्वांशी शांतीने राहायला सांगितलं आहे, पण त्याआधी दोन अटी घातल्या आहेत: शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितकं. उपदेशात हे वचन पुष्कळदा त्या अटी गाळून सांगितलं जातं. मग ज्या बाईने तीनदा जाऊन दार वाजवलं आणि तीनदा परत आली, तिला वाटत राहतं की आपल्याच विश्वासात काही खोट आहे.

मला माफ करता येत नाही. दोन वर्षं झाली, प्रार्थना करतो, तरी नाव निघालं की डोकं तापतं. मी ख्रिस्ती म्हणून कमी पडतोय का?

योसेफाची गोष्ट संडेस्कूलमध्ये ऐकलेली असते, पण ती आकडे मांडून वाचली पाहिजे. भावांनी विकलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहून तिथला कारभारी झाला तेव्हा तीस. मग सुकाळाची सात वर्षं गेली, दुष्काळाची दोन गेली आणि तेव्हा कुठे त्याने भावांना "मी योसेफ" असं सांगितलं. म्हणजे बावीस वर्षं. आणि भाऊ पहिल्यांदा धान्य घ्यायला आले तेव्हा त्याने काही लगेच गळ्यात गळा घातला नाही. त्यांच्याशी कठोर बोलला, हेर ठरवलं, एकाला अडकवून ठेवलं, धाकट्याच्या गोणीत चांदीचा प्याला लपवला. हे भाऊ अजून तेच आहेत की बदललेत, हे त्याला बघायचं होतं. यहूदा पुढे होऊन म्हणाला, "धाकट्याच्या जागी मला गुलाम म्हणून ठेवा." ज्याने एका भावाला विकायची कल्पना काढली, तोच आता दुसऱ्यासाठी स्वतःला द्यायला तयार झाला. तेव्हा योसेफाचा बांध फुटला.

मधल्या काळात तो दोनदा बाजूला जाऊन, कुणाला न दिसता रडला होता. मला ती दोन रडणी शेवटच्या भेटीइतकीच महत्त्वाची वाटतात. बाहेरून कठोर आणि आतून विरघळत असलेला माणूस पवित्र शास्त्रात आहे, आणि त्याला तिथे कुणी नावं ठेवलेली नाहीत.

तेव्हा दोन वर्षांत जमलं नाही म्हणून स्वतःला खाऊ नका. अर्थात "योसेफाला बावीस वर्षं लागली, मलाही लागू देत" असं म्हणून आरामात बसणारेही मी पाहिलेत. मी स्वतः त्यातलाच होतो.

प्रभूच्या प्रार्थनेतल्या त्या ओळीवर माझी जीभ अडते. तेवढी ओळ मनात गाळली तर चालेल का?

"जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तसे तू आमची ऋणे आम्हांला सोड." कॅथलिक प्रार्थनेत शब्द वेगळे आहेत, पण जुन्या मराठी भाषांतरातला हा 'ऋण' शब्द मला फार उपयोगी पडला. ऋण सोडायचं म्हणजे काय, हे उसनवारी पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पैसे गेले ते गेले. सोडणाऱ्याने तो तोटा सोसला. ऋण नव्हतंच असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. किंबहुना आकडा माहीत असल्याशिवाय ते सोडताच येत नाही.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात एका चाकराला दहा हजार तालांत, म्हणजे जन्मात न फिटणारी रक्कम, माफ होते आणि तो बाहेर जाऊन शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. आपण ते शंभर दिनार 'किरकोळ' म्हणून सोडून देतो. पण त्याच शुभवर्तमानात, द्राक्षमळ्याच्या दाखल्यात, एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी आहे. म्हणजे शंभर दिवसांचा घाम. तुमचं झालेलं नुकसान प्रभूने किरकोळ मानलेलं नाही. दुसऱ्या रकमेच्या शेजारी ठेवल्यावर ते लहान दिसतं, इतकंच.

ओळ गाळू नका. अडखळत म्हणा. एक आजी "जसे आम्ही" पाशी थांबतात, श्वास घेतात आणि मंडळी पुढे गेल्यावर उरलेलं एकट्या म्हणतात. मला त्यांची प्रार्थना आमच्यापेक्षा खरी वाटते.

बहिणीशी बोलणं नाही. अशा स्थितीत प्रभुभोजन किंवा कम्युनियन घ्यावं का?

आपल्या पाळकांना किंवा फादरांना विचारा, प्रत्येक मंडळीची शिस्त वेगळी आहे. मी एवढंच म्हणेन की वेदीवर अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्याचं जे वचन आहे, मत्तय ५:२३-२४, ते नीट वाचा. "तुझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे" असं तिथे नाही. "भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे" असं आहे. आपण कुणावर रुसलोय हे शोधायला सांगितलेलं नाही, आपल्यावर कोण रुसलंय हे आठवायला सांगितलं आहे. हा प्रश्न पुष्कळच अवघड आहे.

कॅथलिक मंडळींना पापनिवेदनाची सोय आहे आणि ती अशा वेळी खरोखर मोलाची असते. "फादरांना सांगितलं तर गावभर होईल" अशी भीती असेल तर ती सोडा. पापनिवेदनात ऐकलेलं कुणालाही, कोणत्याही कारणाने सांगण्याची धर्मगुरूला मुभा नाही. प्रोटेस्टंट पाळकांकडे बोलायला जाताना मात्र "हे आपल्या दोघांतच राहील ना?" असं सुरुवातीलाच विचारून घ्या. पाळकांच्या घरी माणसांची ये-जा असते.

वडिलांच्या घराच्या वाटणीवरून आम्ही भावंडं तुटलो. विश्वासात राहून हा प्रश्न कसा सोडवायचा?

लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतून एक जण येशूला म्हणतो, "गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा." येशू सरळ नकार देतो: मला तुमचा वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि लगेच लोभावर बोलायला लागतो. माझ्या मते यातून दोन गोष्टी निघतात. वाटणीचा हिशेब प्रार्थनासभेत मांडायचा नाही, तो कागदावर मांडायचा. आणि कागदाने न सुटणारं जे उरतं, ते प्रार्थनेत आणायचं. लोक नेमकं उलटं करतात. हिशेबाच्या बैठकीत वचनं फेकतात आणि प्रार्थनेत हिशेब मांडतात.

कागदाची बाजू थोडक्यात अशी. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान. विधवा पत्नी हयात असेल तर एक तृतीयांश तिचा, उरलेलं मुलांमध्ये सारखं. वडिलांना हवं तर मृत्युपत्राने ते आपली मालमत्ता कुणालाही देऊ शकतात. गोव्यात तसं नाही. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे अर्धा भाग वारसांसाठी राखीव असतो आणि उरलेल्या अर्ध्याचंच मृत्युपत्र करता येतं. आपली नेमकी स्थिती वकिलाला विचारा. शंभर गैरसमजांतले पन्नास तिथेच गळून पडतात.

आता माझं सांगतो. वडिलांची शेवटची सहा वर्षं भावाने आणि वहिनीने काढली. मी पुण्याला नोकरीवर होतो, महिन्याला पैसे पाठवायचो आणि त्यालाच सेवा समजायचो. वडील गेल्यावर मी नगरच्या घराचा अर्धा हिस्सा मागितला. तो म्हणाला, "लघवीची भांडी मी काढली, हिस्सा तुला?" मी वकिलाची नोटीस पाठवली. नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांत आम्ही दोघं 'अर्धा-अर्धा' म्हणत भांडत होतो आणि आम्हाला एक सख्खी बहीण आहे, कायद्याने तीन हिस्से होतात, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिने कधी काही मागितलं नाही, म्हणून आम्ही तिला मोजलंच नाही. हे माझं पाप मला वकिलाने दाखवलं. तोपर्यंत मी दर रविवारी पहिल्या बाकावर बसत होतो.

म्हणून एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. "जाऊ दे, तू बहीण आहेस, क्षमा कर, सही कर" असं म्हणत हक्कसोडपत्रावर सही घेणं म्हणजे समेट नव्हे. बहिणीने समजून-उमजून, आपला हिस्सा किती हे माहीत असताना, मनापासून सोडला तर तो तिचा मोठेपणा. भाऊबीजेसारखा सण आपल्याकडे नाही म्हणून आपल्या बहिणींना आशा नसते, असं कुणी समजू नये.

मुलाने आमच्याशी बोलणं तोडलंय. आम्ही त्याला काय कमी केलं?

हा प्रश्न जवळजवळ नेहमी याच शब्दांत येतो, आणि "काय कमी केलं" याची यादीही लगेच येते: इंग्रजी माध्यमाची फी, कॉलेज, लग्नाचा खर्च. यादी खरी असते. पण मुलाची तक्रार बहुधा त्या यादीतल्या कशाबद्दल नसतेच. चारचौघांत केलेली तुलना, त्याने निवडलेल्या मुलीबद्दल बोललेलं एक वाक्य, सुनेला पहिल्या नाताळात दिलेली वागणूक, असं काहीतरी असतं. तुम्हाला ते आठवतही नसतं. त्याला वार आणि वेळेसकट आठवत असतं.

"आईबापाचा मान राख" ही आज्ञा आपण मुलांना पाठ करायला लावतो. तिचाच उल्लेख करून पौल इफिसकरांस लिहितो आणि दोनच वचनांनंतर बापांकडे वळतो: "बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका." हे वचन मी आजवर एकाही घराच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं पाहिलेलं नाही.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप काय करत नाही ते बघा. मुलगा वाटा मागतो तेव्हा त्याला कोंडून ठेवत नाही. दूरदेशी माणसं पाठवून त्याला ओढून आणत नाही. तो परत येतो तेव्हा "पैसे कुठे उडवलेस" असं विचारत नाही, आणि मुलाने पाठ करून आणलेलं माफीचं भाषणही पुरतं ऐकून घेत नाही. त्याच्या वयाचा, प्रतिष्ठेचा माणूस झगा सावरत रस्त्यावरून धावतो. आपल्याकडे एखादे आजोबा धोतराचा सोगा धरून बस स्टँडकडे पळत सुटले तर लोक जसे बघत राहतील, तसंच.

व्यवहारात: त्याला महिन्या-दोन महिन्यांनी चार ओळी लिहा. त्यांत 'पण' नको. "चुकलं असेल तर माफ कर" असं लिहू नका. 'असेल तर' म्हणजे चूक मान्य नाही. "तुझ्या साखरपुड्यात मी जे बोललो ते चूक होतं" असं लिहा. आजाराचा धाक घालू नका, "आम्ही काय आज आहोत उद्या नाही" हे तर नकोच. नातवंडांच्या वाढदिवसाला कार्ड पाठवा, उत्तराची अट न घालता.

आणि दाखल्यातला थोरला मुलगा विसरू नका. एकाच्या परत येण्याने घरात दुसरा दुखावतो. त्याची समजूत काढायला बाप पुन्हा एकदा बाहेर येतो. तो आत गेला की नाही हे दाखल्यात सांगितलेलंच नाही.

वडील दारू पिऊन मारायचे. आता ते म्हातारे झालेत, 'प्रभूला शरण आलेत' असं म्हणतात आणि मंडळीतले लोक मला घरी जायला सांगतात. जाऊ का?

तुम्हाला भीती वाटत असेल तर जाऊ नका. मंडळीतल्या लोकांना राहायचं नाहीये तिथे.

ज्या घरात मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा जिवाला धोका होता किंवा आहे, त्या घराबाबत आधी सुरक्षितता, मग पश्चात्तापाची खात्री, आणि समेटाचं बोलणं त्यानंतर. लूक १७:३ मध्ये प्रभू म्हणतो की भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दोष दाखवण्याची पायरी त्याने ठेवलेली आहे. साक्ष देताना रडणं हा पश्चात्ताप असू शकतो, नसूही शकतो. झालेल्या गोष्टी नाव घेऊन कबूल करणं, उपचार घेणं आणि "तू आली नाहीस तरी मला समजतं" असं म्हणता येणं ही जास्त भरवशाची लक्षणं.

क्षमा केलेल्या माणसाविरुद्ध पोलिसांत तक्रार करता येते. त्यात विसंगती नाही. स्त्रियांना २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागता येतं, हेल्पलाइन १८१. मुलांसाठी १०९८. ज्येष्ठांचाच छळ होत असेल तर १४५६७. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे. "मंडळीचं नाव खराब होईल" ही सबब तिथे चालत नाही, आणि देवापुढेही ती चालेल असं मला वाटत नाही.

म्हाताऱ्या वडिलांच्या औषधपाण्याचा खर्च दुरून, कुणाच्या तरी हाती पाठवणं हाही त्यांचा मान राखणंच आहे.

मी ख्रिस्ती झाले म्हणून माहेरच्यांनी संबंध तोडलेत. देवासाठी हे सोसायचंच, की काही करता येईल?

मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास या प्रश्नाने भरलेला आहे. धर्मांतरामुळे नवरा-बायको तुटण्याचे प्रसंग इतके होते की १८६६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच करावा लागला.

पण मला नेहमी आठवतात ती नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या लहान दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. नंतर त्या नगरला आल्या, तेही लगेच एका घरात नांदायला नव्हे. आपलं सोवळं, आपली वेगळी चूल सांभाळून, नवऱ्याच्या जवळ पण स्वतंत्र. जातिभेदाबद्दलचं त्यांचं मन त्यांच्याच विचाराने, त्यांच्याच गतीने पालटलं आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षं कशी गेली हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलं आहे. टिळकांबद्दलचा राग आणि माया एकाच पानावर येतात, आणि दोन्ही खरे वाटतात.

त्या पाच वर्षांतली मला शिकण्यासारखी वाटते ती वेगळी चूल. एकाच गावात, दोन चुली, ये-जा चालू. आज याचा अर्थ असा: भावाच्या लग्नाला बोलावलं तर जा. होमाला बसू नका, पण पंगतीत वाढायला उभ्या राहा. आईच्या देवघरावर शेरे मारू नका. प्रसादाचं काय करायचं ते तुमच्या विवेकाने ठरवा, पौलाने करिंथकरांस त्यावर बरंच लिहिलं आहे. पण नाही घ्यायचा तर नम्रपणे नको म्हणा, ताटलीसमोर प्रवचन नको. कितीतरी घरं ख्रिस्तामुळे तुटलेली नाहीत, नव्याने ख्रिस्ती झालेल्याच्या तोंडामुळे तुटलेली आहेत. टिळकांची गीतं आपण अजून गातो. ती अभंग-ओवीच्या वळणाची आहेत. त्यांनी तुकाराम टाकून दिला नाही. तुम्हालाही माहेरची भाषा, पदार्थ, आजीच्या ओव्या टाकायचं कारण नाही.

घरच्यांना एकच धास्ती असते: ही आता आपली राहिली नाही. ती वागण्यानेच जाते. त्याला वेळ लागतो.

पण "मी शांतता नव्हे तर तलवार आणायला आलो" असं येशूच म्हणाला ना? मग घर तुटणं हे विश्वासाचं लक्षण नाही का?

तो होणाऱ्या परिणामाबद्दल बोलत होता. आपण जाऊन तलवार चालवावी असं त्यात नाही. त्याच्या स्वतःच्या घरचंच बघा. मार्क ३:२१ प्रमाणे घरच्यांना तो भ्रमिष्ट झाला असं वाटलं आणि ते त्याला धरून न्यायला आले. योहान म्हणतो की त्याचे भाऊही त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. पण पुनरुत्थानानंतर प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात तेच भाऊ आईबरोबर माडीवरच्या खोलीत प्रार्थना करताना दिसतात, आणि त्यांच्यातलाच याकोब पुढे यरुशलेमेच्या मंडळीचा आधारस्तंभ होतो. मधे काय काय बोलणी झाली ते लिहिलेलं नाही. वधस्तंभावरून त्याने आईला शिष्याच्या स्वाधीन केलं, एवढं मात्र लिहिलेलं आहे.

पहिलं पाऊल कसं टाकू? फोन, पत्र, की सरळ घरी जाऊ?

सरळ घरी जाऊ नका, दार उघडणाऱ्याला तयारीला वेळ मिळत नाही. फोनवर पहिल्या तीस सेकंदांत जुनं सगळं वर येतं. मी हाताने लिहिलेल्या पत्राच्या बाजूचा आहे. लिहा, उशीखाली ठेवा, तीन दिवसांनी वाचा, निम्मं खोडा, मग पाठवा. व्हॉट्सअॅप करायचंच असेल तर व्यक्तिगत करा. कुटुंबाच्या ग्रुपवर वचनाचं चित्र टाकून "ज्याला समजायचं त्याला समजेल" असं करू नका. त्याला समजतं आणि त्याचा संताप होतो.

पत्रात एक आठवण, एक कबुली, एक विनंती पुरे. विनंती लहान असावी: "गुरुवारी मी त्या बाजूला येणार आहे, चहाला भेटशील का?" नाही म्हणायला सोपं असलं पाहिजे.

मध्यस्थ कुणाला घालावं?

ज्याचा त्यात काही फायदा नाही आणि ज्याला दोन्हीकडची बाजू ऐकताना जीभ आवरता येते, अशाला. पाळक किंवा फादर बरे, पण ते एका घराच्या जास्त जवळचे असतील तर नकोत. मामा किंवा आत्या चालतात. जावई सहसा नको.

फिलेमोनाला लिहिलेलं पौलाचं पत्र पंचवीसच वचनांचं आहे, मध्यस्थी करायच्या आधी ते वाचावं. फिलेमोनाकडून पळून गेलेला त्याचा गुलाम अनेसिम याला परत पाठवताना पौल म्हणतो की त्याने तुझं काही देणं केलं असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, हे मी स्वतःच्या हाताने लिहितो. मध्यस्थाच्या खिशालाही थोडी झळ बसायची तयारी हवी. नुसते सल्ले देणारे आपल्याकडे भरपूर आहेत.

मी सगळं केलं. उत्तरच येत नाही.

मग थांबा. दार उघडं ठेवा आणि आपलं जेवण-खाण, झोप, कामधंदा सांभाळा. रोज त्यांचं स्टेटस बघू नका. स्तोत्र ५५ वाचा. शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण तो तू होतास, माझा सोबती, असं तिथे दाविदाच्या नावावर आहे. स्तोत्र २७ मधलं "माझ्या आईबापांनी मला सोडले तरी परमेश्वर मला जवळ करील" हेही. रात्री झोप लागत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर केवळ प्रार्थनेवर भागवू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

समेट झाला. पण पूर्वीसारखं काही वाटत नाही. मग तो खरा होता का?

जुन्या करारातले तुटलेले भाऊ, योसेफाचा बाप याकोब आणि एसाव, वीसेक वर्षांनी भेटले. एसाव चारशे माणसं घेऊन आला, धावत गेला, गळ्यात पडला, दोघंही रडले. इथवर सगळ्यांना पाठ असतं. त्याच अध्यायात पुढे एसाव म्हणतो, "चल, बरोबर जाऊ." याकोब म्हणतो, "तुम्ही पुढे व्हा, मुलं लहान आहेत, गुरं दमतील, मी सेईराला मागून येतो." आणि तो सेईराला न जाता सुक्कोथला गेला. दोघं पुन्हा एकत्र दिसतात ते बापाला पुरताना.

शास्त्राने याला अपयश म्हटलेलं नाही. दिवाणखान्यात बसून चहा घेता येतो, आजारपणात फोन होतो, मयताला एकत्र उभं राहता येतं, एवढ्यावर कितीतरी समेट टिकून आहेत. बापाच्या मरणानंतर योसेफाचे भाऊ पुन्हा घाबरले होते. सतरा वर्षं त्याच्या हातचं खाऊनही. तो रडला.

ज्याच्याशी बोलायचं होतं ते माणूस वारलं.

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वसईकडची माणसं कबरींवर मेणबत्त्या लावून बसतात. आमच्या प्रोटेस्टंट मंडळींत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. मी तरी लोकांना कबरीपाशी जाऊन देवाशी बोला म्हणून सांगतो: जे त्याला सांगायचं होतं ते मोठ्याने देवाला सांगा. आणि त्या माणसाची मुलं असतील तर त्यांच्याकडे जा. त्यांना बहुतेक भांडण माहीत असतं, कारण माहीत नसतं.

सर, तुमचं आणि भावाचं पुढे काय झालं?

आत्या वारली. पेटी उचलायला पुढच्या बाजूला सारख्या उंचीचे आम्ही दोघंच होतो, म्हणून लोकांनी आम्हाला उभं केलं. फाटकापाशी तो म्हणाला, "खांदा बदल, तुझा डावा दुखतो ना." नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. माझा डावा खांदा शाळेत असताना क्रिकेट खेळताना निखळला होता.

कागदपत्रं व्हायला त्यानंतर आणखी दोन वर्षं लागली. घर भावाकडे राहिलं, माझा हिस्सा मी त्याला सोडला, बहिणीच्या तिसऱ्या हिश्श्याची रक्कम आम्ही दोघांनी मिळून दिली. ती घेताना ती हसली आणि म्हणाली, "लवकर आठवलं." घराचा विषय आम्ही अजून काढत नाही, राजकारणाचाही नाही. गेल्या नाताळात वहिनीने करंज्यांचा डबा पाठवला. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून बायकोने त्यात चिवडा भरून ठेवलाय. मी रविवारी घेऊन जाणार आहे.